रूप आणि कूट : नाण्यांच्या पारखीचा इतिहास

१

नाण्यांचा इतिहास बहुधा राजांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणत्या राजाने कोणते नाणे पाडले, त्यावर कोणते बिरुद कोरले, जिंकलेल्या राजाच्या मुद्रेवर आपला ठसा कसा उमटवला, या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात नाणकशास्त्राची पहिली शंभर वर्षे खर्ची पडली आणि ते स्वाभाविकही होते. नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे १९०६ साली तेरा हजारांहून अधिक रौप्य नाण्यांचा साठा सापडला. नहपानाच्या मुद्रांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा उमटवलेल्या ठशांनी त्यात एका सत्तांतराची जी साक्ष दिली, ती कोणत्याही शिलालेखाइतकीच मोलाची आहे. परंतु टांकसाळीतून बाहेर पडलेले नाणे फार काळ राजाचे राहत नाही. ते हातोहात जाऊ लागते आणि त्याचा स्वीकार करण्यापूर्वी प्रत्येक हात क्षणभर थबकतो. हे खरे की खोटे, एवढाच त्या क्षणाचा प्रश्न असतो. नाणे जितके जुने, तितकेच हे थबकणेही जुने आहे आणि त्याचाही स्वतंत्र इतिहास आहे.

हा इतिहास आपल्या शब्दांतच दडलेला आहे. ‘रुपया’ हा शब्द ज्या ‘रूप्य’ शब्दापासून आला, त्याची सिद्धी सांगताना पाणिनीने ‘रूप’ या शब्दाचे दोन अर्थ गृहीत धरले आहेत. ज्याच्यावर रूप आघाताने उमटवले आहे ते रूप्य, आणि ज्याचे रूप प्रशंसनीय आहे तेही रूप्य. म्हणजे ठसा आणि सौंदर्य या दोन्ही कल्पना एकाच शब्दात नांदत होत्या. या रूपाच्या विरुद्ध उभा राहिलेला शब्द म्हणजे ‘कूट’. कूटरूप म्हणजे खोटे नाणे, कूटसाक्षी म्हणजे खोटा साक्षीदार, कूटलेख म्हणजे बनावट दस्तऐवज. नाणे, साक्ष आणि लेख या तिन्ही ठिकाणी एकच विशेषण लागावे, हा योगायोग नव्हे. या तिन्हींचे मोल त्यांच्या द्रव्यावर अवलंबून नसून त्यांच्यावर ठेवलेल्या विश्वासावर अवलंबून असते, ही जाण त्यामागे आहे.

२

कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त टांकसाळीचा अधिकारी आणि नाण्यांचा परीक्षक हे दोघे वेगळे आहेत. लक्षणाध्यक्ष नाणी पाडून घेतो. रूपदर्शक व्यवहारातील नाण्यांची पारख करतो. ज्याने पाडले त्यानेच ती पारखावीत, अशी व्यवस्था मुद्दाम टाळलेली दिसते. रौप्य पणात चौथा हिस्सा तांब्याचा आणि सोळावा हिस्सा लोह, कथील, शिसे अशा एखाद्या धातूचा असावा, असे हा ग्रंथ सांगतो. याचा अर्थ असा की, ‘खरे’ नाणेही चोख चांदीचे नव्हतेच. ते ठरलेल्या प्रमाणात मिश्र होते आणि त्याचा खरेपणा शुद्धतेत नसून त्या ठरण्यात होता. खोट्या नाण्याची कल्पना समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

खोटी नाणी करणारा माणूस कसा ओळखावा, याचे कौटिल्याने केलेले वर्णन एखाद्या व्यक्तिचित्रासारखे आहे. जो वरचेवर निरनिराळे धातू, क्षार, कोळसा, भाता, सांडशी, मूस यांची खरेदी करतो, ज्याचे हात आणि वस्त्रे राखेने व धुराने माखलेली असतात, त्याच्यावर संशय घ्यावा. गुप्तहेराने त्याच्याकडे शिष्य म्हणून राहावे आणि त्याला उघडे पाडावे. येथे नाण्याकडे न पाहता माणसाकडे पाहिले आहे. उलट रूपदर्शकाने चालू नाणे नाकारले किंवा न चालणारे चालवून घेतले, तर त्यालाही बारा पणांचा दंड सांगितला आहे. परीक्षकाकडून चूक होऊ शकते, इतकेच नव्हे तर तो चुकीचा व्यापारही करू शकतो, हे येथे मान्य केले आहे.

‘याज्ञवल्क्यस्मृती’ याही पुढे जाते. खऱ्या नाण्याला खोटे आणि खोट्याला खरे म्हणणाऱ्या नाणकपरीक्षीला तिने उत्तम साहस, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीचा दंड सांगितला आहे. खोटे नाणे घडवणाऱ्यालाही दंडाची तीच पायरी आहे. घडवणारा आणि जाणूनबुजून चुकीची ग्वाही देणारा, हे दोघे धर्मशास्त्राच्या दृष्टीने समान अपराधी ठरतात. बनावट करणाऱ्याने एका माणसाला फसवलेले असते. परीक्षकाच्या खोट्या शब्दाने मात्र पारख या संस्थेवरचाच विश्वास ढळतो. या विचाराची थोरवी पुढे, विसाव्या शतकाच्या अखेरीस, नव्याने ध्यानात येणार होती.

बौद्ध वाङ्मयात ही पारख ज्ञानमीमांसेच्या पातळीवर गेलेली दिसते. विनयपिटकात राजगृहाच्या उपाली नावाच्या मुलाची कथा आहे. त्याने कोणती विद्या शिकावी, याचा विचार त्याचे आईबाप करीत आहेत. लेखन शिकला तर बोटे दुखतील, गणना शिकला तर छाती दुखेल, आणि ‘रूप’ शिकला तर डोळे दुखतील, असे त्यांना वाटते. येथील ‘रूप’ म्हणजे नाण्यांची विद्या, असा अर्थ भाष्यकार लावतात. कार्षापणांच्या राशी उलटसुलट करून पाहताना डोळे शिणतात, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. एका प्राचीन व्यवसायाचा त्रास एवढ्या थोडक्यात क्वचितच सांगितला गेला असेल.

पाचव्या शतकातील बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्गा’त एक दृष्टान्त दिला आहे. सराफाच्या फळीवर नाण्यांची रास पडली आहे. अजाण बालकाला त्या नाण्यांचा रंग, आकार, लांबीरुंदी तेवढी दिसते. खेडुताला ते तर दिसतेच, शिवाय ही वस्तू माणसांच्या उपयोगाची आणि मोलाची आहे, हेही कळते. परंतु यातले खरे कोणते, खोटे कोणते आणि अर्ध्या किमतीचे कोणते, हे फक्त सराफ जाणतो. तो ते पाहून, वाजवून त्याचा नाद ऐकून, वास घेऊन, चव घेऊन आणि हातात तोलून ओळखतो. हे नाणे अमुक गावी, अमुक नगरात, अमुक डोंगराच्या किंवा नदीच्या काठी, अमुक कारागिराने घडवले, इथपर्यंत त्याची जाण पोचते. बुद्धघोषाला यातून संज्ञा, विज्ञान आणि प्रज्ञा या तीन पायऱ्यांतील भेद सांगावयाचा आहे. प्रज्ञेसाठी त्याला ऋषीची किंवा राजाची उपमा सुचली नाही, सराफाची सुचली, ही गोष्ट या व्यवसायाची तत्कालीन प्रतिष्ठा सांगणारी आहे. आणि पाचही इंद्रियांची ती यादी आज पंधराशे वर्षांनंतरही पारखीच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर शोभेल.

३

दिल्लीच्या सुलतानांच्या काळात या परंपरेतून एक असाधारण ग्रंथ निर्माण झाला. ठक्कुर फेरू हा श्रीमाल कुळातील जैन गृहस्थ अलाउद्दीन खलजीच्या आणि त्याच्या वारसाच्या कारकिर्दीत दिल्लीत सेवेत होता. टांकसाळीतील अनुभवाच्या आधारे त्याने १३१८ साली ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ लिहिला, तोही प्राकृत-अपभ्रंशाच्या वळणाच्या लोकभाषेत आणि गाथांमध्ये. आपला भाऊ आणि मुलगा यांना ही विद्या कळावी, हा त्याचा हेतू होता. गुजरात, माळवा, मुलतान, देवगिरी अशा नाना प्रदेशांची नाणी दिल्लीत येत. त्यांचे वजन किती, त्यांत सोने-चांदी किती आणि दिल्लीच्या चलनात त्यांचे मोल किती, हे त्याने एकेक करून नोंदवले. जिंकलेल्या राज्यांचे वैभव मुशीत वितळत असताना त्याच्या कसाची ही नोंद ठेवली गेली. शतकानुशतके अज्ञात राहिलेल्या या ग्रंथाचे हस्तलिखित १९४६ साली कोलकात्यात अगरचंद आणि भंवरलाल नाहटा यांच्या हाती लागले, आणि मध्ययुगीन भारताच्या नाण्यांविषयीचे एक दालनच उघडले.

फेरूच्या ग्रंथानंतर अवघ्या एका तपात त्याच दिल्लीत पारखीचा सर्वांत मोठा पराभव घडला. महंमद तुघलकाने १३२९-३० च्या सुमारास तांब्या-पितळेची नाणी काढून ती चांदीच्या टंक्याच्या बरोबरीने चालतील असा हुकूम दिला. तशी नाणी दौलताबादेतही पाडली गेली. सुलतानाची आज्ञा मानणारा ईश्वराची आज्ञा मानतो, अशा आशयाचा मजकूर त्यांवर होता. या प्रयोगाला वेडेपणा म्हणण्याची रूढी आहे. पण चीनमध्ये कागदी चलन चालत होते आणि कल्पनेत मूलतः काही चूक नव्हती. चूक अशी की, धातूचा आधार काढून घेतल्यावर त्या जागी दुसरा कोणताही अडसर ठेवला गेला नाही. ठसा साधा, धातू सर्वत्र उपलब्ध आणि कारागीर गावोगावी. इतिहासकार बरनी सांगतो त्याप्रमाणे घरोघरी टांकसाळी सुरू झाल्या. शेवटी खऱ्या-खोट्याचा भेद करणे अशक्य झाले, आणि सुलतानाला खजिन्यातून सोन्या-चांदीची नाणी देऊन ती परत घ्यावी लागली. तुघलकाबादेत तांब्याच्या नाण्यांचे ढीग पडून राहिले. ज्या नाण्याची पारख करता येत नाही, ते सार्वभौम सत्तेच्या हुकमानेही चालत नाही, हा धडा त्या ढिगांनी दिला.

अकबराच्या काळी पारखीला आणखी एक वळण मिळाले. ‘ऐने अकबरी’त अबुल फझलने टांकसाळीतील सराफाचे आणि ‘बनवारी’ या परीक्षापद्धतीचे वर्णन केले आहे. निरनिराळ्या कसाच्या सोन्याच्या सुया किंवा तुकडे घेऊन त्यांच्या रेघा कसोटीच्या दगडावर ओढावयाच्या आणि तपासावयाच्या सोन्याची रेघ त्यांच्याशी ताडून पाहावयाची. या देशातील कुशल सराफ नुसत्या रंगावरून व तेजावरून कस सांगतात, तरीही इतरांचे समाधान व्हावे म्हणून ही रीत घालून दिली, असे अबुल फझल म्हणतो. ‘इतरांचे समाधान’ ही कल्पना महत्त्वाची आहे. तोवर पारख ही जाणत्याच्या इंद्रियांत वसत होती. आता अजाणत्यालाही पडताळून पाहता येईल असा पुरावा तिच्याकडून मागितला जाऊ लागला.

४

मराठी राज्यात ही पारख गावाच्या वेशीपर्यंत पोचलेली होती. ‘पोतदार’ हा फारसी ‘फोतेदार’पासून आलेला शब्द. सरकारी भरण्यातील नाणी तपासणारा, बहुधा सोनार असलेला हा माणूस गावकामगारांच्या यादीत येतो. शेतकऱ्याने सारा भरताना टाकलेला रुपया तो दगडावर वाजवून घेई, निरखून पाही आणि त्याचा बट्टा ठरवी. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९९ साली मराठी अमलातील चलन आणि टांकसाळी यांवर जो निबंध वाचला, त्यात या काळातील टांकसाळींचे चित्र उभे केले आहे. सरकार खाजगी व्यक्तींना टांकसाळीचे परवाने देई आणि ठरलेल्या वजन-कसाचे नाणे पाडण्याची हमी त्यांच्याकडून लिहून घेई. परिणामी एकाच बाजारात अनेक प्रकारचे रुपये फिरत आणि त्यांतील प्रत्येकाची किंमत दुसऱ्याच्या तुलनेत ठरवावी लागे.

या व्यवस्थेत खरे आणि खोटे यांच्यामध्ये फार मोठा प्रदेश होता. पुण्याचा अंकुशी रुपया मोगल बादशहाच्या नावाने पडत होता. तो पेशव्यांचा होता, परंतु खोटा नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालमधील सिक्का रुपया तर याहून विलक्षण. त्यावर शाह आलमचे नाव, मुर्शिदाबाद हे टांकसाळीचे नाव आणि १९ हे राज्यवर्ष कायमचे गोठवलेले. जुन्या सालाच्या रुपयावर सराफ बट्टा कापीत, म्हणून सालच बदलू द्यावयाचे नाही, असा तो उपाय होता. कोलकात्यात, वेगळ्याच वर्षी, एका कंपनीने पाडलेले हे नाणे स्थळ, काळ आणि सत्ताधीश या तिन्हींबाबत असत्य सांगत होते, आणि तरीही ते कायद्याने खरे होते. नाण्यावरचा मजकूर खरा असणे आणि नाणे खरे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे याहून स्पष्टपणे कोणते उदाहरण सांगेल?

मोगल काळच्या अनेक रुपयांवर लहान लहान टोचे दिसतात. आत तांबे नाही ना, हे पाहण्यासाठी सराफांनी मारलेल्या त्या खुणा आहेत. आजच्या संग्राहकाच्या लेखी त्या नाण्याचे रूप बिघडवणाऱ्या जखमा आहेत; तेव्हाच्या व्यापाऱ्याच्या लेखी तीच साक्षीदारांची सही होती. जितके टोचे अधिक, तितक्या जाणत्या हातांनी ते नाणे स्वीकारलेले. मराठी बोलीतही या व्यवहाराचे ठसे खोल उमटले आहेत. माणसाला कसाला लावणे, शब्द वाजवून घेणे, कुळाला बट्टा लागणे, बंदा रुपया असणे, हे सारे वाक्प्रचार पोतदाराच्या दगडाभोवती जन्मलेले आहेत. हे केवळ मराठीचे वैशिष्ट्य नव्हे. गुजरातेतील पारीख आणि नाणावटी, मारवाड्यांतील आणि बंगाल्यांतील पोद्दार, पारशांतील श्रॉफ, महाराष्ट्रातील पोतदार आणि सराफ ही आडनावे एकाच व्यवसायाची भारतभर विखुरलेली स्मृती आहेत. गुरू नानकांच्या ‘जपुजी’च्या अखेरीस शब्द घडवणारी खरी टांकसाळ येते आणि कबीरपंथाच्या बुऱ्हाणपूर शाखेने ‘पारख’ हीच आपल्या तत्त्वविचाराची मुख्य संज्ञा केली. संतांनी अध्यात्म सांगण्यासाठी सराफकट्ट्याची भाषा निवडली, याचे कारण तेथील प्रश्न प्रत्येक श्रोत्याच्या रोजच्या अनुभवातला होता.

त्या अनुभवाला एक कडवट बाजूही होती. बट्ट्याचा भार बहुधा ज्याला पारख येत नव्हती त्याच्यावर पडे. धान्य विकून हाती आलेला रुपया सरकारी भरण्यात कमी किमतीचा ठरे, तेव्हा शेतकऱ्याला दाद मागण्याची जागा क्वचितच असे. सराफाचे ज्ञान हे एकाच वेळी समाजाचे संरक्षण होते आणि अजाणत्याच्या शोषणाचे साधनही होते.

५

१८३५ च्या कायद्याने कंपनीच्या प्रदेशात १८० ग्रेन वजनाचा, अकरा-बारांश चांदीचा एकच रुपया आला आणि बट्ट्याची सत्ता हळूहळू ओसरू लागली. या स्थित्यंतराच्या काळात कोलकात्याच्या टांकसाळीत नाण्यांचा कस तपासणाऱ्या दोन अधिकाऱ्यांची नावे भारतीय विद्येच्या इतिहासात अमर झाली. त्यांतील होरेस हेमन विल्सन याने ‘मेघदूता’चे इंग्रजी भाषांतर केले आणि पुढे ऑक्सफर्डमध्ये संस्कृतचे अध्यासन भूषवले. दुसरा त्याचा साहाय्यक आणि नंतरचा उत्तराधिकारी जेम्स प्रिन्सेप. १८३७ साली त्याने अशोकाच्या ब्राह्मी लेखांचे वाचन सिद्ध केले. धातूचा कस लावणाऱ्या डोळ्यांनी झिजलेल्या अक्षरांचा कस लावावा, यात एक आंतरिक संगती आहे. पाठचिकित्सा आणि नाणेपरीक्षा या दोन्ही विद्या मूळ रूप आणि प्रक्षिप्त रूप यांच्यातील भेदावरच उभ्या आहेत.

यंत्राने पाडलेल्या नाण्याने खोट्या नाण्याचेही रूप बदलले. पूर्वीची बनावट ही धातूची फसवणूक होती. १८९३ साली सरकारने लोकांच्या चांदीचे रुपये पाडून देणे बंद केले आणि रुपयाची दर्शनी किंमत त्यातील चांदीहून अधिक राहू लागली. त्यामुळे चोख चांदीचा, पुऱ्या वजनाचा रुपयासुद्धा खोटा असू शकेल आणि तो पाडणाऱ्याला नफा होईल, ही भीती तेव्हा व्यक्त झाली. कसोटीच्या दगडाला येथे काहीच सांगता येत नव्हते. १९१९ साली काढलेले आठ आण्यांचे मिश्रधातूचे नाणे बनावटीच्या सुळसुळाटामुळे काही वर्षांतच मागे घ्यावे लागले. १९४० साली रुपयातील चांदी निम्म्यावर आणली, तेव्हा त्याच्या दातेरी कडेमध्ये एक खाच ठेवण्यात आली. साच्यात ओतून नाणे करणाऱ्याला अशी कड साधणे कठीण जाते. खरेपणाची खूण आता नाण्याच्या पोटातून त्याच्या कडेवर आली होती.

कायद्याने या खेळातील शेवटच्या माणसाची नोंद घेतली आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या २४१ व्या कलमात एका विशिष्ट गुन्हेगाराचा विचार होता. त्याने नाणे घेतले तेव्हा ते खोटे असल्याचे त्याला ठाऊक नव्हते. नंतर कळले, आणि मग त्याने ते दुसऱ्याच्या गळ्यात घातले. त्याला बनावट करणाऱ्याच्या मानाने बरीच सौम्य शिक्षा होती. १९०६ च्या नाणेविषयक कायद्याने खोटे नाणे अधिकाऱ्याने कापून टाकावे आणि नुकसान ते आणणाऱ्याने सोसावे, असे ठरवले. खोटे नाणे हे असे असते की, ते जेथे ओळखले जाते तेथेच त्याचा तोटा थांबतो. जो प्रामाणिकपणे ओळखतो आणि पुढे सरकवत नाही, त्याला त्याच्या प्रामाणिकपणाची किंमत मोजावी लागते.

६

व्यवहारातून निवृत्त झालेली नाणी संग्रहात गेली, तेव्हा बनावटीचा दुसरा अध्याय सुरू झाला. सोळाव्या शतकात पादुआच्या जोव्हान्नी काव्हिनोने रोमन सम्राटांच्या नाण्यांच्या सुंदर प्रतिकृती केल्या; एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत कार्ल विल्हेल्म बेकर याने शेकडो ठसे खोदून प्राचीन नाणी ‘निर्माण’ केली. आपली ताजी नाणी जुनी दिसावीत म्हणून तो ती तेलकट लोहकिसाच्या पेटीत घालून घोडागाडीच्या आसाला बांधीत असे, अशी आख्यायिका आहे. आज बेकरची बनावट नाणीसुद्धा संग्राह्य ठरली आहेत, यावर काव्यशास्त्राच्या अभ्यासकाने अवश्य विचार करावा.

भारतात हा मोह सर्वांत तीव्रपणे दिसतो तो शिवछत्रपतींच्या सुवर्ण होनाच्या बाबतीत. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेल्या या लहानशा नाण्याचे अस्सल नमुने अत्यंत विरळ आहेत, आणि त्याच्या नकला उदंड. येथे फसवणारा केवळ सोन्याचा लोभ जागा करीत नाही, तो श्रद्धेला हात घालतो. १९३९ सालच्या विरळ रुपयाबाबतही तेच घडले. संग्राहकांची मागणी वाढताच त्याची बनावट बाजारात आली.

अशा बनावटीला ओळखण्याची साधने मात्र पुष्कळशी जुनीच आहेत. ओतीव नाण्याच्या पृष्ठभागावर बुडबुड्यांचे सूक्ष्म खड्डे राहतात, अक्षरांच्या कडा मऊ पडतात आणि कडेवर दोन साच्यांच्या सांध्याची रेघ सापडते. ठसवलेल्या नाण्यात दाबाखाली धातू वाहतो आणि त्याच्या पृष्ठभागाला एक जिवंत झळाळी येते. ओतकामात ती येत नाही. नाणे पाण्यात तोलले असता चांदीचे विशिष्ट गुरुत्व साडेदहाच्या आणि सोन्याचे सव्वाएकोणीसच्या आसपास यावे लागते. टंगस्टन सोन्याइतकेच जड असल्यामुळे एवढ्यावर विसंबून चालत नाही, हा भाग वेगळा. दुर्मीळ साल किंवा टांकसाळीची खूण मागाहून चिकटवली किंवा कोरून बदलली असेल, तर भिंगाखाली तिच्या मुळाशी सांधा दिसतो. आणि सर्वांत मार्मिक कसोटी ही की, दोन नाण्यांवर अगदी एकाच जागी एकाच आकाराचा ओरखडा असेल, तर दोन्हींवर संशय घ्यावा. ओरखडा हा नाण्याचा स्वतःचा भोगलेला इतिहास असतो. तो दोघांचा सारखा असू शकत नाही. तसा तो असला तर दोन्ही एकाच मूळ नाण्यावरून उतरवलेली असतात.

७

पारख ही व्यक्तीकडून काढून संस्थेकडे सोपवण्याचा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. विल्यम शेल्डन याने १९४९ साली जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी नाण्यांची प्रत १ ते ७० या अंकांत सांगण्याची पद्धत मांडली. १९८६ आणि १९८७ साली तेथे दोन कंपन्या स्थापन झाल्या. त्या नाणे तपासतात, त्याला अंक देतात आणि पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत ते कायमचे बंद करतात. संग्राहक या डबीला स्लॅब म्हणतात. एका अंकाच्या फरकाने किंमत कित्येक पटींनी बदलते. खरेदी करणाऱ्याने नाणे हातात घ्यावयाचे नाही, वाजवावयाचे नाही, त्याचा वास घ्यावयाचा नाही. बुद्धघोषाच्या सराफाची पाच इंद्रिये येथे एका चिठ्ठीत सामावली.

मग जे व्हावयाचे तेच झाले. नाण्याची बनावट करण्याऐवजी डबीची बनावट सुरू झाली. २००८ च्या सुमारास नकली डब्या बाजारात उघडपणे आढळू लागल्या. त्याहून सूक्ष्म फसवणूक म्हणजे खरी डबी सांध्यावर उकलावयाची, आतले उत्तम नाणे काढून हलके नाणे ठेवावयाचे आणि डबी पुन्हा चिकटवावयाची. ही छेडछाड ओळखण्याच्या खुणा सांगितल्या जातात त्या अशा : कडेवर पांढुरकी रेघ किंवा धूसरपणा, कोपऱ्यातील टवका, सांध्यातून डोकावणारा गोंदाचा माग, आतल्या कोंदणात सैल किंवा वाकडे बसलेले नाणे, चिठ्ठीवरील अक्षरांचे बदललेले वळण. डबीवरचा क्रमांक कंपनीच्या नोंदीत शोधावा, असा सल्ला दिला जातो. परंतु नकली डबीवर खऱ्या डबीचा क्रमांक उतरवता येतो. म्हणून क्रमांक जुळला तरी थांबू नये. नोंदीतील छायाचित्र असेल तर त्यातील ओरखडे आणि डाग समोरच्या नाण्याशी ताडून पाहावेत. म्हणजे सगळा फेरा पुरा करून पुन्हा नाण्याकडेच यावे लागते.

आणि डबीही खरी, नाणेही बदललेले नाही, तरी पारख चुकलेली असू शकते. १८९६, १९०० आणि १९०२ या सालांचे, न्यू ऑर्लिन्स टांकसाळीची विशेष लहान खूण असलेले काही रौप्य डॉलर अनेक दशके एक दुर्मीळ प्रकार म्हणून अभ्यासले जात होते. तज्ज्ञांनी त्यांची वर्गवारी केली होती आणि कंपन्यांनी ते डब्यांत बंद करून दिले होते. २००५ साली या कंपन्यांपैकी एकीने जाहीर केले की, ही नाणी टांकसाळीची नव्हतच; ती जुन्या काळात चलनात खपवण्यासाठी केलेली बनावट नाणी आहेत. त्यांतील चांदी चांगली होती. दर्शनी किमतीपेक्षा चांदी स्वस्त असताना चोख नाणे बनावट करण्यातही नफा होता. १८९३ नंतर भारतात जी भीती वाटत होती, तिचेच हे प्रत्यक्ष रूप. आपली चूक जाहीर करणारी पारख ही याज्ञवल्क्याच्या कसोटीला उतरणारी पारख होय, हेही येथे नमूद केले पाहिजे.

स्वतः शेल्डनची कथा तर एखाद्या नीतिकथेसारखी आहे. नाण्यांची प्रत मोजण्याची पट्टी ज्याने जगाला दिली, त्याने न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट उचलून त्यांच्या जागी आपल्याकडील हलक्या प्रतीचे सेंट ठेवले होते, हे त्याच्या मृत्यूनंतर सिद्ध झाले. सोसायटीकडे त्या नाण्यांची जुनी छायाचित्रे होती. ओरखड्यांची गाठ पडली आणि चोरी उलगडली. डबी न फोडता डबीतले नाणे बदलण्याचा हा सर्वांत सभ्य प्रकार. संग्रहालयाची ती पेटी, तिच्यावरची चिठ्ठी आणि तिला हात लावणाऱ्या विद्वानाची कीर्ती, सारे जागच्या जागी होते. बदलले होते ते फक्त नाणे.

८

अडीच हजार वर्षांचा हा प्रवास एका दिशेने झाला आहे. विश्वास धातूवरून ठशावर, ठशावरून कडेवर, आणि कडेवरून डबीवर सरकत गेला. प्रत्येक टप्प्यावर पारखीचा भार अजाणत्याच्या खांद्यावरून उतरावा, ही इच्छा होती आणि ती न्याय्य होती. पोतदारापुढे उभा राहिलेला शेतकरी आठवला की, एकसारख्या रुपयाचे आणि लेखी प्रमाणपत्राचे मोल कळते. परंतु प्रत्येक टप्प्यावर बनावट करणारा नव्या खुणेच्या मागोमाग आला, आणि खुणेवर विसंबलेल्यांचे डोळे तोवर नाण्यावरून उठलेले होते.

वाङ्मयाच्या क्षेत्रालाही हे अपरिचित नाही. ग्रंथ न वाचता त्याची प्रस्तावना वाचणारा, कविता न ऐकता पुरस्कारांची यादी पाहणारा वाचक डबी विकत घेत असतो. समीक्षकाची चिठ्ठी उपयोगी असते. पण ती वाचकाच्या डोळ्यांना पर्याय होऊ शकत नाही, आणि चिठ्ठी लिहिणारा कोणत्या दंडाला पात्र आहे, हे स्मृतिकाराने सांगून ठेवले आहे. उपालीच्या आईबापांची काळजी खरी होती. रूप शिकणाऱ्याचे डोळे दुखतातच. ते दुखू नयेत म्हणून माणसाने जी जी व्यवस्था केली, तिने त्याचे श्रम कमी केले. नाणे मात्र अखेर पाहूनच घ्यावे लागते.